गोकाक फॉल्सला निघण्याआधी: आमच्या प्रवाशांसाठी माहिती

पावसाळा लागला की गोकाकच्या गाडीसाठी फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "फॉल्सला पाणी आहे का?" त्याचं उत्तर बेळगावच्या आभाळाकडे बघून देता येत नाही, म्हणून आधी तेच समजावून सांगतो.

गोकाकचा धबधबा घटप्रभा नदीवर आहे. ही नदी सह्याद्रीत उगम पावते, चंदगड भागातून खाली येते आणि हिडकलच्या धरणात अडते. धरणाची क्षमता ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट. ते भरेपर्यंत घटप्रभेचं बरंचसं पाणी तिथेच राहतं. पण आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करून धरणाच्या खालच्या बाजूला घटप्रभेला मिळते. त्यामुळे बेळगावात लख्ख ऊन असलं तरी आंबोली-आजऱ्याकडे झड लागली असेल, तर गोकाकला पाणी येतं. पुढे हिडकल भरून दरवाजे उघडले की धबधबा खऱ्या रूपात दिसतो. आम्ही या दोन्ही गोष्टींची चौकशी करूनच तारीख सुचवतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ सर्वात चांगला.

उन्हाळ्यात मात्र धबधब्यासाठी म्हणून येऊ नका. वर धूपदाळचा बंधारा आहे, त्याचं पाणी कालव्यातून शेतीला जातं. एप्रिल-मेमध्ये बहुतेक उघडा कडाच दिसतो. लहान मुलांना गाडीत बसवून तेवढं बघायला नेणं आम्हाला पटत नाही, म्हणून त्या दिवसांत आम्ही स्वतःच नको म्हणतो.

बेळगावहून अंतर साधारण ६० किलोमीटर. आम्ही सकाळी सातला निघतो, म्हणजे गर्दीच्या आधी पोहोचता येतं. रेल्वेने यायचं असेल तर मिरज मार्गावरचं गोकाक रोड स्टेशन जवळचं, तिथून पुढे कोन्नूरमार्गे रिक्षा किंवा बस.

पोहोचल्यावर काय दिसतं? नदी सपाट खडकावरून संथ येते आणि एकदम ५२ मीटर खाली कोसळते. कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा, काठाची रुंदी सुमारे १७७ मीटर. पुराच्या दिवसांत पाणी तांबडं, गढूळ असतं. कुणी ते पाहून हिरमुसतात, पण आमच्या मते तेच पाहावं. पाणी स्वच्छ दिसायला लागलं की त्याचा जोर ओसरलेला असतो. आवाज तर धबधबा दिसण्याआधीच कानावर येतो.

धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीवर झुलता पूल आहे, लांबी सुमारे २०० मीटर. पूल हलतो, म्हणून एका वेळी थोडी माणसं, आणि उड्या मारायच्या नाहीत. पाणी वाढलं किंवा दुरुस्ती चालू असली की पूल बंद ठेवतात. बंद असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये ही विनंती. काठावरूनही धबधबा पोटभर दिसतो.

आता फॉल्सच्या काठावरच्या जुन्या सूतगिरणीबद्दल, म्हणजे गोकाक मिलबद्दल. बहुतेक प्रवासी फोटो काढून परत फिरतात, आणि जी गोष्ट या जागेला इतर धबधब्यांपेक्षा वेगळी करते ती बघायचीच राहते. रेल्वे येण्याआधी आपल्या भागातला कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई आणि तिथून गलबतांनी मुंबईला. कापूस इथला, पण सूत कातायची गिरणी दूर. कारण गिरणी चालवायला कोळसा लागे, आणि तो इथवर आणणं परवडणारं नव्हतं. गोकाकला मात्र कोळशाचं काम करणारं पाणी होतं. १८८५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८८७ मध्ये फॉल्सच्या काठावर सूतगिरणी चालू झाली. वरच्या अंगाचं पाणी नळांतून खाली दरीत नेऊन त्यावर चक्रं फिरवायची, अशी ती रचना. वीजही इथे त्याच सुमारास तयार होऊ लागली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या जलविद्युत केंद्रांत गोकाकचं नाव घेतात. बेळगावकरांनी अभिमानाने सांगावं असं हे आहे, आणि आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकाआधी ते इथे काठावर उभं राहून कळावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मिलभोवती कामगारांची वसाहत वसली. पिढ्यान्‌पिढ्या कानडी आणि मराठी कुटुंबं इथल्या भोंग्यावर उठली. पूर्वीची गजबज आता नाही. दरीतलं वीजघर आणि मोठे नळ काठावरून दिसतात, पण आवार खासगी आहे, आत सोडत नाहीत. आमचा चालक कुठे उभं राहिलं की काय दिसतं ते दाखवतो, त्याला जरूर विचारा.

काठाजवळच चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं मंदिर आहे. दगडी काम शांतपणे बघण्यासारखं आहे. पावसात पायरी निसरडी असते.

एका गोष्टीवर आम्ही तडजोड करत नाही. कड्याच्या टोकाकडच्या खडकावर उतरायचं नाही. खडक कोरडा दिसला तरी शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो, आणि वर धरणातून पाणी सोडलं तर नदी बघता बघता वाढते. कठडा ओलांडून सेल्फी काढणाऱ्यांना आमचा चालक हाक मारून मागे बोलावील. त्याचा राग मानू नका, त्याला तशी सूचना आहे. दारू पिऊन कुणी काठावर जात असेल तर सहल तिथेच थांबवून गाडी परत फिरते.

वेळ उरला आणि रस्ता बरा असला तर गोडचिनमलकीला जाऊ. हा धबधबा मार्कंडेय नदीवर आहे, तीच मार्कंडेय जी आपल्या बेळगाव तालुक्यातून वाहत जाते. ती तिथे दोन टप्प्यांत उडी घेते. शेवटचा थोडा रस्ता चिखलाचा, चालायचा. गुडघेदुखीच्या मंडळींनी गाडीतच थांबावं, सोबत कुणीतरी राहील.

परतताना गोकाक शहरात करदंटासाठी अर्धा तास थांबतो. डिंक, सुकामेवा, सुकं खोबरं आणि गूळ घालून केलेला हा पदार्थ बरेच दिवस टिकतो. आधी थोडा चाखून मगच किलोने घ्या, प्रत्येक दुकानाचा गोडवा निराळा. गोकाकची रंगीत लाकडी खेळणी आणि लाकडाची फळंही प्रसिद्ध आहेत. शहरात कानडी चालते. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी चालक मदतीला असतो.

सोबत छत्रीपेक्षा रेनकोट, पकड असलेली चप्पल किंवा बूट, मुलांसाठी कपड्यांचा एक जोड, मोबाईलसाठी प्लास्टिकची पिशवी. जेवणाचा डबा आणलात तर उत्तम. उरलेलं खरकटं आणि पत्रावळ्या गाडीतल्या पिशवीत टाका, नदीकाठी नको.

गोकाकला पुराचा इशारा असला किंवा तिथल्या घटप्रभेवरच्या लोळसूर पुलावर पाणी आलं, तर आम्ही आदल्या संध्याकाळी कळवून सहल पुढे ढकलतो. आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतो किंवा मागितल्यास पूर्ण परत देतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाककरांनी जो पूर सोसला, तो डोळ्यांसमोर असताना पावसाशी पैज लावायची आमची इच्छा नाही.

गाडी ठरवताना माणसं किती, त्यात वयस्कर आणि लहान किती, कुणाला गाडी लागते का, एवढं नक्की सांगा. त्याप्रमाणे पुढच्या जागा राखून ठेवतो.