गोल्फ : सामाजिक व भावनिक लाभ

गोल्फची अठरा होलची, म्हणजे चेंडू खळीत घालण्याच्या अठरा टप्प्यांची, फेरी चार तास चालते आणि त्यात प्रत्यक्ष चेंडू मारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. नव्वद फटके धरले आणि प्रत्येकाला दोन सेकंद दिले, तर हिशेब तीन मिनिटांवर येतो. बाकीचा सगळा वेळ चालण्यात, आपली पाळी येईपर्यंत थांबण्यात, चेंडू शोधण्यात आणि बोलण्यात जातो. गोल्फचे म्हणून जे सामाजिक आणि भावनिक लाभ सांगितले जातात, ते बहुतेक या उरलेल्या वेळातून आणि खेळाच्या नियमांतून येतात. क्लबचे सभासदत्व घेतले म्हणजे ते आपोआप पदरात पडतात असे नाही.

बडोद्यात हा खेळ राजवाड्याच्या आवारात रुजला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या मैदानात 1930 च्या दशकात महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचा कोर्स (मैदान) करवून घेतला. त्यांचे नातू समरजितसिंह गायकवाड हे स्वतः रणजी करंडक खेळलेले; त्यांनी 1990 च्या दशकात त्याची डागडुजी करून तो लोकांसाठी खुला केला. विजय हजाऱ्यांच्या या शहरात खेळ म्हणजे क्रिकेट हे समीकरण अजून पक्के आहे. क्रिकेटमधून गोल्फकडे वळणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो इथे पंच नसल्याचा.

सर्वसाधारण फेरीत दंड खेळाडूने स्वतःच स्वतःला लावायचा असतो. स्पर्धेत गुणपत्रिकांची अदलाबदल होते: तुमचे फटके सोबती मोजतो, त्याचे तुम्ही, आणि शेवटी दोघांच्या सह्या. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून पत्रिका दिली, तर सामान्यतः खेळाडू बाद होतो. जास्त लिहिला तर तो जास्तीचा आकडाच कायम राहतो. 1925 च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सचा चेंडू रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) किंचित हलला. ते हलणे दुसऱ्या कुणालाच दिसले नव्हते, पण जोन्सने एका फटक्याचा दंड घेतला. अखेरीस बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे निर्णायक जादा खेळात, तो हरला. चार तास कुणाच्या शेजारी अशा नियमाखाली घालवले की माणूस बऱ्यापैकी कळतो. धंद्यातली माणसे या खेळाकडे वळतात त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरी मोठी सोय म्हणजे हँडिकॅप, अर्थात कौशल्यानुसार मिळणारी फटक्यांची सवलत. काका आणि पुतण्या, नवशिका आणि मुरलेला, यांना एकाच सामन्यात खरोखर चुरशीने खेळता येईल असे खेळ फार थोडे. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांतील सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून हँडिकॅप निर्देशांक काढतात. त्याची कमाल मर्यादा 54.0 आहे. काकांचा कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर मिळणारी सवलत) 24 आणि पुतण्याचा 8 असेल, तर एकास एक सामन्यात फरक 16. गुणपत्रिकेवर प्रत्येक होलला अवघडपणाचा क्रमांक दिलेला असतो. 1 ते 16 क्रमांकांच्या होलवर काकांना प्रत्येकी एक फटका सवलत. अशा होलवर पुतण्याने पाच फटके घेतले आणि काकांनी सहा, तर होल बरोबरीत. मात्र हे गणित प्रामाणिक नोंदींवर उभे आहे. सवलत जास्त मिळावी म्हणून मुद्दाम वाईट फेऱ्या नोंदवणारा माणूस गटात फार दिवस टिकत नाही.

भावनिक बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. चेंडू स्थिर असतो, समोर गोलंदाज नसतो, त्यामुळे चुकल्यावर दोष द्यायला कुणी सापडत नाही. पुढचा फटका यायला चार-पाच मिनिटे असतात आणि तेवढ्यात राग वाढतो तरी किंवा उतरतो तरी. अनुभवी खेळाडू यासाठी ठरलेला क्रम पाळतात. चेंडूमागे उभे राहून दिशा ठरवायची, एक सराव-फटका, एक सावकाश श्वास, मग पवित्रा घेऊन लगेच मारायचे. नियमांची शिफारस 40 सेकंदांत फटका मारावा अशी आहे. चेंडूवर झुकून विचार करत राहिले की पकड आवळते, खांदे ताठरतात आणि फटका आणखी बिघडतो. चुकलेल्या फटक्याची चर्चा आपण दहा पावले चालेपर्यंतच करायची, हा साधा दंडक नवशिक्यांच्या फार कामी येतो.

नवीन माणसाने मोजणीसाठी स्टेबलफोर्ड पद्धत घ्यावी. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीने 1932 मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे स्पर्धा झाली. सवलत वजा करून होल ‘पार’मध्ये, म्हणजे त्यासाठी ठरवलेल्या फटक्यांत, पुरा केला तर 2 गुण, एक फटका जास्त लागला तर 1, त्याहून जास्त लागले तर शून्य. शून्य नक्की झाले की चेंडू उचलायचा आणि पुढच्या होलकडे निघायचे. नऊ फटक्यांचा एक होल सगळी सकाळ नासवत नाही, आणि मागून येणारा चौघांचा गटही ताटकळत नाही.

संगतीला तडा जातो तो बहुधा संथपणामुळे आणि न मागितलेल्या सल्ल्यामुळे. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटे मिळतात, त्याआधी पाच मिळत. चौघांनी मिळून शोधला तर तेवढी पुरतात. शंका असेल तेव्हा पुढे जाण्याआधीच तसे सांगून तात्पुरता दुसरा चेंडू मारून ठेवावा, म्हणजे परत मागे चालावे लागत नाही. सल्ल्याचे म्हणाल तर ‘मान वर आली’ हे प्रत्येक फटक्यानंतर ऐकवणाऱ्या सोबत्याइतका त्रास बंकरही (वाळूचा खड्डाही) देत नाही. शिवाय स्पर्धेत आपल्याच बाजूच्या जोडीदाराखेरीज दुसऱ्या खेळाडूला सल्ला दिल्यास दंड आहे. पैजेची रक्कम चहा-नाश्त्याच्या वर गेली की हसणे कमी होते.

शिष्टाचाराची कामे छोटी असतात, पण ती नव्या माणसाला लवकर आपलेसे करून घेतात. ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू आदळून खड्डा पडला तर दुरुस्तीचा काटा कडेने घालून गवत मध्याकडे ढकलायचे आणि पटरने (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या काठीने) हलके दाबायचे. काटा खाली घालून माती वर उचकटली की मुळे तुटतात आणि तिथे पिवळा डाग पडतो. दुसऱ्याच्या पटच्या (ग्रीनवरच्या फटक्याच्या) रेषेवर पाय किंवा सावली पडू द्यायची नाही. चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर ताबडतोब ‘फोर!’ ओरडायचे, इथे संकोच करणे धोक्याचे आहे.

या सगळ्या लाभांत कॅडीचा वाटा क्वचितच मोजला जातो. पाठीवर पिशवी, डोळे चेंडूवर, आणि फटका फसल्यावर पहिला राग त्याच्यावर. त्याच्याशी सभासद कसे बोलतात यावरून त्या क्लबातल्या वातावरणाचा अंदाज येतो. खेळ महाग आहे हेही खरे. सुरुवातीला जुन्या सातेक क्लबांचा (खेळायच्या काठ्यांचा) अर्धा संच आणि सराव-रेंजवरचे काही महिने पुरतात. नियमांनी कमाल 14 क्लबांची मुभा आहे, किमान काहीच नाही.

संशोधनाबाबत एक तारतम्य राखावे. 2008 मध्ये स्वीडनमधील सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या अभ्यासात त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि समान आर्थिक स्तरातल्या इतरांपेक्षा 40 टक्के कमी आढळला. पण मुळात धडधाकट माणसेच गोल्फ खेळतात, हा भाग त्यातून पूर्ण वगळता येत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 301 अभ्यासांचा धांडोळा घेणाऱ्या आढाव्यातही शारीरिक लाभांच्या मानाने मानसिक लाभांचा पुरावा तोकडाच आढळला.

बडोद्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहाच्या सुमारास सुरुवात करून नऊ होलवर थांबणे शहाणपणाचे. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हाने चिडलेल्या चौघांत गप्पा रंगत नाहीत. पावसाळ्यात चेंडूला चिखल लागतो, तेव्हा तो उचलून पुसून ठेवण्याची मुभा स्थानिक नियमाने देता येते. ती मुभा आज लागू आहे की नाही हे पहिल्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.