स्टार्टर मोटर

मोटारगाडीचे एंजिन स्वतःच्या बळावर सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा व इंधन ओढले जाऊन त्यांचे पुरेसे संपीडन होईपर्यंत क्रँकशाफ्ट (एंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) बाहेरच्या शक्तीने फिरवावा लागतो. हे काम करणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या मोटरला स्टार्टर मोटर म्हणतात. गॅरेजमध्ये ती ‘सेल्फ’ या नावाने ओळखली जाते. एंजिन पेट घेण्यासाठी क्रँकशाफ्टला मिनिटाला सुमारे 150 ते 250 फेरे मिळावे लागतात, आणि सुस्थितीतील गाडीत हे काम एक-दोन सेकंदांत उरकते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम गाडीच्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल घालून हाताने केले जाई. ठिणगी वेळेआधी पडली तर एंजिन उलट झटका देई आणि हँडल मारणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. विजेच्या मोटरने हे काम करावे ही कल्पना जुनी असली, तरी एवढा भार सतत पेलणारी मोटर गाडीत मावणार नाही, अशी अडचण होती. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी ती वेगळ्या बाजूने सोडवली. मोटरला काही क्षणच काम करायचे असल्याने तिच्यावर तेवढ्या वेळापुरता क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भार टाकता येईल, असे त्यांनी ओळखले. त्यांच्या डेल्को कंपनीची यंत्रणा कॅडिलॅकच्या 1912 च्या मॉडेलमध्ये बसवली गेली. आजच्या स्टार्टरचा लहान आकार आणि तिच्या देखभालीचे बहुतेक नियम या एकाच गोष्टीतून येतात: ही थोड्या वेळासाठी राबणारी मोटर आहे.

पारंपरिक स्टार्टरमध्ये क्षेत्र-वेटोळी (चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) एकसरीत जोडलेली असतात, कारण अशी मोटर स्थिर अवस्थेतून निघताना सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. फिरू लागलेल्या मोटरमध्ये जो विरुद्ध विद्युत दाब निर्माण होतो तो पहिल्या क्षणी नसतो. म्हणून त्या क्षणी प्रवाह कित्येक शे अँपिअरपर्यंत उसळतो आणि मग लहान पेट्रोल गाडीत सर्वसाधारणपणे 100 ते 200 अँपिअरवर येतो. डिझेल एंजिनाचे संपीडन जास्त असल्याने त्याला याहून अधिक प्रवाह लागतो. अलीकडच्या बहुतेक मोटारींत वेटोळ्यांऐवजी कायम चुंबके वापरतात आणि मोटरच्या आतच ग्रह-दंतचक्रांची जोडणी करून वेग कमी व टॉर्क जास्त करून घेतात, त्यामुळे वजन बरेच घटते.

मोटरच्या पाठीवर बसवलेले सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) दोन कामे करते. किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की त्यातील दोन वेटोळ्यांत प्रवाह जाऊन मधला दांडा आत ओढला जातो. दांड्याला जोडलेला काटा पिनियनला (मोटरच्या लहान दंतचक्राला) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (क्रँकशाफ्टवरील जड चाकाच्या) रिंग गिअरमध्ये, म्हणजे कडेच्या दातेरी कड्यात, गुंतवतो, आणि दांडा सरकून संपताना दांड्यावरची तांब्याची चकती दोन जाड टर्मिनल जोडून मोटरला पूर्ण प्रवाह देते. त्याच क्षणी ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच दाब येऊन ते निष्क्रिय होते आणि दांडा धरून ठेवण्यापुरते दुसरे वेटोळे चालू राहते. पिनियन व रिंग गिअर यांचे प्रमाण साधारण 1:10 ते 1:15 असते. एंजिन सुरू झाल्यावर हेच प्रमाण उलटे पडते. मिनिटाला 1,000 फेरे घेणारे एंजिन पिनियनला 10,000 हून अधिक फेऱ्यांनी फिरवू लागते, आणि हा वेग आर्मेचरपर्यंत पोहोचला तर त्याची वेटोळी उखडून निघतील. म्हणून पिनियनमागे एकाच दिशेने शक्ती पोहोचवणारा रोलरचा क्लच असतो. गॅरेजमध्ये या संपूर्ण भागाला ‘बेंडिक्स’ म्हणतात. मूळचा बेंडिक्स पिनियन मात्र जडत्वाच्या जोरावर सरकणारा होता.

बिघाडाचे निदान पुष्कळदा कानानेच होते. किल्ली फिरवताच सोलेनॉइड भराभर टकटक करू लागले, तर दांडा ओढला जातो, मोटरचा भार येताच बॅटरीचा दाब कोसळतो, दांडा सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. येथे दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा असतो. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे काही न घडणे हे सोलेनॉइडचे संपर्क जळल्याचे, कार्बन ब्रश (फिरत्या आर्मेचरला प्रवाह पोहोचवणारे तुकडे) झिजल्याचे किंवा मोटर अडकल्याचे लक्षण आहे. मोटर घूं घूं करत फिरते पण एंजिन हलत नाही, तेव्हा पिनियनमागचा क्लच घसरत असतो. खरखर आवाज पिनियनचे किंवा रिंग गिअरचे दात खाल्ले गेल्याचा. चार सिलिंडरचे एंजिन बंद होताना बहुधा ठरावीक स्थितींतच थांबत असल्यामुळे रिंग गिअरची झीजही ठरावीक जागीच होते, आणि म्हणून गाडी कधी लगेच सुरू होते तर कधी नाही. काहीच आवाज आला नाही तर रिले, फ्यूज, किल्लीचा स्विच, तसेच क्लच पेडलचा किंवा स्वयंचलित गिअरचा सुरक्षा-स्विच तपासावा.

निकामी ठरवून बदललेल्या कितीतरी स्टार्टर मोटरींचा दोष प्रत्यक्षात तारेत किंवा अर्थिंगमध्ये असतो, म्हणून मोटर उतरवण्यापूर्वी मीटर लावणे शहाणपणाचे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सामान्य तापमानात एंजिन फिरत असताना हा दाब 9.6 च्या खाली जाऊ नये. त्यानंतर एंजिन फिरत असतानाच मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर धरावी. येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर जोडणीत रोध आहे. बॅटरीचे ऋण टोक व मोटरचे कवच यांच्यातील फरक तर 0.2 ते 0.3 व्होल्टच्या आतच हवा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या तारेच्या आत हिरवा गंज चढलेला असतो, तो या चाचणीत पकडला जातो.

देखभालीत वापरणाऱ्याच्या सवयीचा वाटा मोठा आहे. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक स्टार्टर मारू नये, आणि पुढच्या प्रयत्नापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबावे. मोटरला थंड करणारी कोणतीही व्यवस्था नसते आणि उष्णता आतच साठते. बॅटरीची टर्मिनले स्वच्छ व घट्ट ठेवावीत आणि काढताना ऋण टोक आधी सोडावे. एंजिनातून गळणारे तेल स्टार्टरवर ठिबकत असेल तर ती गळती आधी थांबवावी, कारण तेलाने भिजलेले ब्रश लवकर खराब होतात. दुरुस्तीसाठी मोटर उघडली तर ब्रश, बुश (आर्मेचरच्या दांड्याला आधार देणारी कडी), सोलेनॉइडचे संपर्क आणि कॉम्युटेटरचा (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाचा) पृष्ठभाग पाहावा. पिनियनमागचा क्लच मात्र रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवू नये; आतले कायमचे ग्रीस धुऊन निघते. अडलेल्या मोटरवर हातोडीने हलके ठोकून ब्रश मोकळे करण्याची युक्ती जुन्या बनावटीत तात्पुरती चालून जाते, पण कायम चुंबकाच्या मोटरमध्ये ठिसूळ चुंबक तडकण्याचा धोका असतो.

सिग्नलवर एंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत स्टार्टरला साध्या गाडीच्या कितीतरी पट वेळा काम करावे लागते. त्यासाठी अधिक टिकाऊ ब्रश, बुश व पिनियन वापरलेले असतात आणि बॅटरीही वारंवार सुरू-बंद होणे सोसणाऱ्या एजीएम किंवा ईएफबी प्रकारची असते. बदलताना दोन्ही त्याच दर्जाची घ्यावी लागतात.