बोस्टनच्या बागेतलं रॉबिन विल्यम्सचं बाक: पार्श्वभूमी

११ ऑगस्ट २०१४ रोजी हॉलिवुडचा नट आणि विनोदवीर रॉबिन विल्यम्स कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी वारला. वय ६३. बातमी पसरली तशी तिथून हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला बोस्टनमध्ये, लोक पब्लिक गार्डनच्या तळ्याकाठच्या एका बाकापाशी जमू लागले. बाकावर फुलं ठेवली गेली आणि समोरच्या वाटेवर रंगीत खडूंनी त्याच्या चित्रपटातले संवाद लिहिले गेले. पालिकेचा ठराव नव्हता, कुठल्या संस्थेची वर्गणी नव्हती. बागेत अशी बाकं कितीतरी आहेत. मग हेच बाक का, आणि मुळात बाकच का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९७च्या ‘गुड विल हंटिंग’मध्ये आहे. मॅट डेमन आणि बेन अ‍ॅफ्लेक ही बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये वाढलेली पोरं. डेमनने हार्वर्डमध्ये शिकताना नाट्यलेखनाच्या वर्गासाठी लिहायला घेतलेल्या मजकुरातून ही पटकथा उभी राहिली. त्या दोघांना तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. विल्यम्स मोठा स्टार होता आणि त्याने मानसोपचारतज्ज्ञ शॉन मॅग्वायरची भूमिका स्वीकारल्यावर चित्रपटाचं वजन एकदम वाढलं. या भूमिकेसाठी मार्च १९९८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. त्याआधी तीनदा नामांकन होऊन तो हात हलवत परतला होता. पटकथेचं ऑस्कर डेमन-अ‍ॅफ्लेक यांना मिळालं.

बाकावरचा प्रसंग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. विल हंटिंग हा झाडूपोछा करणारा, गणितात अचाट डोकं असलेला, मारामाऱ्या करणारा मुलगा. पहिल्या भेटीत तो शॉनच्या खोलीतलं एक जलरंगातलं चित्र बघतो, त्यावरून शॉनचं आयुष्य उलगडल्याचा आव आणतो आणि नेमका त्याच्या बायकोवर घसरतो. ती कर्करोगाने गेलेली असते. शॉन त्याचा गळा धरतो. पुढच्या भेटीला तो विलला खोलीत न बसवता या बागेत आणतो आणि दोघं तळ्याकडे तोंड करून बसतात. मग शॉन बोलत राहतो. तुला मायकेलअँजेलोबद्दल सगळं पाठ असेल, पण त्याने रंगवलेल्या सिस्टिन चॅपलमध्ये उभं राहिल्यावर कसला वास येतो ते तू सांगू शकणार नाहीस, असा त्याचा सूर. कला, बाई, युद्ध, प्रेम, इस्पितळातल्या रात्री असं एकेक घेत तो त्या मुलाच्या पुस्तकी शहाणपणाची हवा काढतो. आवाज एकदाही चढत नाही. कॅमेरा बराच वेळ विल्यम्सच्या चेहऱ्यावरून हलत नाही. डेमनच्या वाट्याला जवळजवळ काहीच बोलणं नाही. आणि शेवटी ‘आता चाल तुझी’ अशा अर्थाचं एक वाक्य टाकून शॉन उठून निघून जातो.

ते वाक्य २०१४ मध्ये बाकासमोर खडूने लिहिलेल्या ओळींत होतं. त्यात शॉन विलला ‘चीफ’ म्हणतो, आपल्याकडे ‘राजे’ किंवा ‘साहेब’ म्हणावं तसं, निम्मं प्रेमाने आणि निम्मं टोमण्याने. विल्यम्स गेल्यावर बेन अ‍ॅफ्लेकने जे लिहिलं त्यातही त्याने त्याला ‘चीफ’ म्हणूनच हाक मारली आणि मॅटचं व माझं स्वप्न या माणसाने खरं केलं, असं म्हटलं.

मला यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. विल्यम्स म्हणजे धो धो बोलणारा, एका मिनिटात दहा आवाज काढणारा विनोदवीर. स्टँडअपच्या मंचावर तो घामाने निथळायचा. त्याला आठवायचं तर लोकांनी ‘मिसेस डाउटफायर’ची बाई आठवावी, नाहीतर ‘अलादीन’मधला जिनी. तेही आठवले गेले. पण बोस्टनच्या लोकांनी बसायला निवडली ती जागा तो अजिबात विनोद करत नाही अशी. डेमनचा विल तिथे गप्प बसून ऐकतो, आणि त्या बाकावर जो येतो तो त्याच्याच जागी बसतो.

आणखी एक तपशील. या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण प्रत्यक्षात कॅनडात टोरोंटोला झालं. पडद्यावर एमआयटी, म्हणजे केंब्रिजमधलं नामांकित तंत्रविद्यापीठ, म्हणून दिसणारे वर्गही तिथल्या विद्यापीठातले. बाक मात्र खरोखर बोस्टनचं आहे, तळंही तेच. बोस्टनकरांना त्याचं अप्रूप असेल तर नवल नाही.

ही बाग साधीसुधी नाही. १८३७ मध्ये खाडीकाठची दलदलीची जमीन भरून ती उभी करायला सुरुवात झाली आणि अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक वनस्पती उद्यान म्हणून तिची ओळख आहे. तळ्यातल्या हंसहोड्या १८७७ पासून पॅजेट घराणं चालवतं. होडीच्या मागच्या बाजूला मोठा हंस असतो आणि त्याच्या पंखांआड बसून चालक पाय मारत होडी पुढे नेतो. जॉर्ज वॉशिंग्टनचा अश्वारूढ पुतळा १८६९चा. १९८७ मध्ये एका बालपुस्तकातली बदकीण आणि तिची आठ पिल्लं ब्राँझमध्ये रांगेने बसवली गेली, त्यांच्यावर लहान मुलं आजही चढून बसतात. त्याच वर्षी बागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. सार्वजनिक जागेत कायमची कलाकृती बसवायची तर शहराच्या कला आयोगाची संमती लागते आणि हा आयोग १८९० पासून आहे. थोडक्यात, इथे उठून कुणी पाटी ठोकू शकत नाही. बाकापाशी विल्यम्सचा पुतळा हवा, निदान एक फलक तरी, अशी मागणी चाहत्यांनी केली, पण अशा मागणीला या बागेत लांबचा रस्ता चालावा लागतो. खडूला परवानगी लागत नाही. पाऊस आला की अक्षरं जातात आणि कुणाला वाटलं तर तो पुन्हा लिहितो.

आता दुसरा प्रश्न. लोक बाकापाशी का गेले, थडग्यापाशी का नाही? कारण थडगं नाहीच. विल्यम्सच्या अस्थी त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात विसर्जित केल्या गेल्या. आपल्याला यात काही वेगळं वाटणार नाही, पण जिथे दफनभूमीत जाऊन दगडाला हात लावण्याची रीत आहे तिथे चाहत्यांचा पाय ठरायला जागा उरत नाही. मग ती शोधली गेली. सॅन फ्रान्सिस्कोत स्टायनर स्ट्रीटवरच्या ‘मिसेस डाउटफायर’च्या घराच्या पायऱ्यांवर फुलांचा ढीग लागला. कोलोरॅडोतल्या बोल्डरला, ‘मॉर्क अँड मिंडी’ या मालिकेत बाहेरून दिसणाऱ्या घरापाशीही तेच झालं. न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावात ‘जुमांजी’च्या चित्रीकरणासाठी एका भिंतीवर ‘पॅरिश शूज’ अशी जोड्यांच्या कारखान्याची जाहिरात रंगवली होती. कारखाना काल्पनिक, जाहिरात खरी. चित्रपट १९९५चा, पण भिंत तशीच राहिली होती, आणि तिच्या पायथ्याशी गावकऱ्यांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या. एकाही ठिकाणी विल्यम्स राहत नव्हता. त्याची पात्रं राहत होती.

सरकारी स्मारकं मागाहून आली आणि तीही चाहत्यांच्या रेट्याने. गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला महामार्गावर एक बोगदा आहे, तोंडावर इंद्रधनुष्याच्या रंगांची कमान असलेला. ‘मॉर्क’च्या भूमिकेत विल्यम्स इंद्रधनुषी गॅलिस लावायचा, हा धागा लोकांना बरोबर सापडला. स्थानिक रहिवाशांच्या अर्जावरून मागणी पुढे गेली, २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ठराव केला आणि बोगद्याला त्याचं नाव मिळालं. त्याच वर्षी गोल्डन गेट पार्कमधल्या एका कुरणाचं नावही बदललं. तिथे दरवर्षी विनोदवीरांचा फुकट कार्यक्रम होतो आणि विल्यम्स त्यात अनेकदा उभा राहिला होता. या कुरणाचं नामकरण मला सगळ्यांत चपखल वाटतं. बोगद्यातून काय, गाडी सुसाट निघून जाते.

आजाराचा उलगडाही नंतरच झाला. विल्यम्सने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं आणि पहिले काही दिवस सगळी चर्चा नैराश्याभोवती फिरली. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत ‘लेवी बॉडी’ स्मृतिभ्रंशाच्या खुणा सापडल्या. या आजारात मेंदूतल्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साठतात आणि स्मृती, हालचाल, झोप, भीती सगळ्यांचा ताल बिघडतो. पत्नी सुझनने २०१६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या शेवटच्या महिन्यांबद्दल सविस्तर लिहिलं. बाकावर पहिली फुलं ठेवणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

चाहत्यांनी आपल्या नटाचं स्मारक करणं मात्र जुनं आहे. मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ मध्ये ३१व्या वर्षी गेला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अंत्यदर्शनाला इतकी झुंबड उडाली की काचा फुटल्या. चार वर्षांनी, १९३० मध्ये, हॉलिवुडमधल्या डी लाँगप्री पार्कात ‘अ‍ॅस्पिरेशन’ नावाचा पुतळा बसवला गेला. त्याचा पैसा चाहत्यांकडून आला होता. पुतळा व्हॅलेंटिनोसारखा दिसतही नाही, वर पाहणारी एक पुरुषाकृती आहे एवढंच. हॉलिवुडचा तरुण नट जेम्स डीन १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात शोलेमजवळ मोटार अपघातात गेला. त्याचं थडगं इंडियानात त्याच्या गावी आहे, तरी अपघाताच्या जागेजवळ १९७७ मध्ये पोलादी स्मारक उभं राहिलं, तिथल्या टपाल कचेरीपाशी एका झाडाला वळसा घालून. ते कुणी उभारलं? सैता ओनिशी नावाच्या एका जपानी व्यावसायिकाने, स्वखर्चाने. पडद्यावरच्या माणसाशी नातं जोडायला भाषा आणि देश आड येत नाहीत, हे त्या आडरानातल्या पोलादाकडे पाहून पटतं.

बाकाची गोष्ट यात जरा उशिरा येते आणि तिचा सर्वांत ठळक नमुना नटाचा नाही, गायकाचा आहे. ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन एप्रिल १९९४ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या घरी वारला. घराला लागून व्हिरेटा पार्क नावाची छोटी बाग आहे. घर खाजगी, आत जाता येत नाही, आणि कोबेनचंही सार्वजनिक थडगं नाही. चाहत्यांनी शेजारच्या बागेतली बाकं धरली. लाकडाचा एकेक इंच नावांनी, ओळींनी, निरोपांनी भरून गेला. दरवर्षी स्मृतिदिनाला तिथे लोक जमतात. बागेचं अधिकृत नाव अजून व्हिरेटा पार्कच आहे.

या दोन्हींच्या बाजूला अधिकृत स्मृतिबाकांचा एक मोठा व्यवहारही चालतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून बाक दत्तक घेता येतं. रक्कम भरायची, मग आपल्या माणसाच्या नावाची छोटी धातूची पट्टी पाठीच्या फळीवर लागते आणि त्या पैशातून बाकाची व भोवतालच्या बागेची निगा राखली जाते. तिथल्या सुमारे १० हजार बाकांपैकी ७ हजारांहून अधिक अशी दत्तक गेली आहेत. व्यवस्था उत्तम आहे, बाग तिच्या जोरावर नीट राहते. पण त्या पट्टीसाठी हजारो डॉलर मोजावे लागतात.

आपल्याकडे स्मृतिबाक नवं नाही. एसटी स्टँडवर, देवळाच्या आवारात, नदीघाटावर सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं आणि खाली देणगीदाराचं नाव, बहुधा कैलासवासींपेक्षा मोठ्या अक्षरात. नटांच्या बाबतीत मात्र आपण बाकावर थांबत नाही, थेट नाट्यगृहाला नाव देतो: पुण्याचं १९६८चं बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. त्यासाठी महापालिका लागते आणि ठराव लागतो. प्रेक्षकाने स्वतःहून एखादी जागा धरून ठेवल्याचं उदाहरण आठवायला वेळ लागतो. सुशांतसिंह राजपूतने ‘पवित्र रिश्ता’त मानव देशमुख हा मराठी मुलगा घरोघरी पोचवला, पण तो गेल्यावर त्याच्या नावाचं स्मृतिबाक बसलं ते ऑस्ट्रेलियात. त्याचा फोटो त्याच्या बहिणीने समाजमाध्यमावर टाकला तेव्हा भारतातल्या बहुतेक चाहत्यांना ते कळलं.