भूल देणारे ‘खरे डॉक्टर’ नसतात?

ऑपरेशन ठरलं की नाशिकमध्ये आजही हमखास ऐकू येतं, “भूल देणारा काय, सुई टोचून मोकळा. तो कुठं खरा डॉक्टर!” हा समज साफ चुकीचा आहे.

भूलतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो: साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण. जनरल सर्जनच्या एमएसलाही तीनच वर्षं लागतात. राज्यातल्या एमडीच्या परीक्षा घेणारं, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्याच नाशिकमधल्या म्हसरूळला आहे!

आणि ‘मोकळा’ तर तो मुळीच नसतो. पेशंटचा श्वास, रक्तदाब, नाडी सगळं त्याच्या हाती. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की मॉनिटरच्या ‘टिक टिक’चा सूर खाली येतो, स्क्रीनकडे पाहण्याआधीच त्याच्या कानाला ते कळतं.

आणखी एक घोळ. इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसियॉलॉजिस्ट्स ही भूलतज्ज्ञांची १९४७ पासूनची व्यावसायिक संघटना. तिचं सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठीची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते.

म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला आले की दमा, चालू गोळ्या, हलणारा दात, सगळं मोकळेपणानं सांगा.