तुटलेला बोल्ट: आधी तोंड बघा, मग ड्रिल उचला

इंजिनावरचा बोल्ट सोडवताना पाना एकदम हलका लागतो आणि बोल्टाचं डोकं हातात येतं. लगेच ड्रिल चालवू नका. बोल्ट का तुटला हे कळलं की तो काढायचा कसा, हेही बऱ्याच अंशी कळतं.

हातातल्या तुकड्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरा. एका कडेपासून शिंपल्यासारख्या वळ्या पसरलेल्या दिसल्या तर धातू थकून, हळूहळू तडा वाढत तुटला. भोवऱ्यासारखे गोल ओरखडे असतील तर पीळ बसून तुटला. बोल्ट थकून किंवा घट्ट करताना तुटला असेल तर डोकं जाताच त्यावरचा ताण संपतो. आत राहिलेला तुकडा बहुतेक वेळा मोकळा असतो. टोकदार पंचने कडेला हलके ठोके देत उलटा फिरवला तरी वर येतो.

सोडवताना तुटला असेल तर आटेच जाम आहेत, आणि खरा त्रास इथे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमधली फट दाबून भरतो. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल आणि ओल शिरली, तर दोन धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते. झिजतं ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

अशा वेळी इझी-आउट, म्हणजे तुकड्यात भोक पाडून आत घालायचा उलट्या पिळाचा काढणी-स्क्रू, वापरण्याचा मोह आवरावा. अख्ख्या जाडीच्या बोल्टाला जो पीळ झेपला नाही, तो त्याच्या पोटात मावणाऱ्या बारीक इझी-आउटला कसा झेपेल? तो कडक, ठिसूळ पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, आणि काम दहापट अवघड होतं.

उष्णता मात्र खरोखर उपयोगी पडते. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 8 मिमी भोकाभोवतीचा भाग 100 अंशांनी तापवला तर भोक बोल्टापेक्षा सुमारे 0.009 मिमीने जास्त मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड सुटायला तो पुरतो. आधी गंज सुटायला तेल सोडलं असेल तर ते पूर्ण पुसून घ्या आणि पेट्रोलच्या नळ्यांजवळ ज्योत नेऊ नका.

तुकडा कडेच्या बरोबरीने तुटला असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून मिग वेल्डिंग (तार वितळवत केलेलं वेल्डिंग) करणं सर्वांत भरवशाचं. पोलादाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि उष्णता थेट बोल्टाच्या गाभ्यात जाते. लाली गेली की गरम असतानाच नट थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवा. पहिला नट निखळला तर दुसरा लावा. तीन-चार वेळा करावं लागणं नेहमीचंच. वेल्डिंगआधी गाडीच्या बॅटरीची जोडणी सोडा. जवळ क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारू नका, त्यापासून विषारी फॉस्जीन वायू तयार होतो.

वेल्डिंग शक्य नसेल तरच ड्रिल. तोंड सपाट घासा आणि बरोबर मध्यावर पंच मारा. मध्य चुकला की बिट मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं आणि आटे खातं. एम8, म्हणजे 8 मिमी जाडीच्या बोल्टात आधी 3 मिमी, मग वाढवत 6.5 मिमीपर्यंत जा. डाव्या पिळाचं, म्हणजे उलटं फिरून कापणारं बिट असेल तर तेच वापरा, कधी कधी तुकडा त्याच्यासोबतच फिरून बाहेर येतो. नाहीतर उरलेलं पातळ कवच टोचणीने आत वाकवून सोलून काढता येतं. आटे गेलेच तर 8.3 मिमी भोक पाडून, हेलिकॉइलचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून तारेचा इन्सर्ट, म्हणजे नवे आटे देणारी स्प्रिंगसारखी गुंडाळी, बसवा.

नवा बोल्ट लावण्याआधी बंद भोकातला कीस आणि तेल हवेने उडवा, डोळ्यांवर चष्मा ठेवून. तळाशी तेल राहिलं तर ते दाबलं जात नाही आणि बोल्ट आवळताना ओतीव भागाला तडा जाऊ शकतो. घट्ट करताना लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणण्यात जातो, बाकी घर्षण खातं. म्हणून आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलं तर कोरड्या बोल्टासाठी दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, तसाच वापरू नका. घर्षण घटल्यामुळे तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो आणि पुन्हा तुटतो.