पीजीला 'क्वालिफाय' आणि पीजीची 'रँक': एमबीबीएसचं कॉलेज निवडताना यात गोंधळ नको

नीटचा स्कोअर हातात आला की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं घराघरात एकच विषय, बेळगावातलंच केएलईचं जेएनएमसी कॉलेज की सिव्हिलचं बिम्स, का हुबळी, का एमकेबी म्हणजे सीमाभागाच्या कोट्यातनं महाराष्ट्रात नंबर लागतोय ते बघायचं. मग कुणीतरी आकडा फेकतं, अमक्या कॉलेजची एवढी पोरं पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसला, क्वालिफाय झाली म्हणून, आणि सगळं घर त्या आकड्यामागं लागतं. दरवर्षी हेच बघून खरंच वाईट वाटतं.

फी, हॉस्टेल, सरकारी की डीम्ड (खासगी अभिमत विद्यापीठ), हे तुम्हाला पाठ आहे, त्यात जात नाही.

क्वालिफाय म्हणजे काय ते नीट बघा. पीजीच्या प्रवेश परीक्षेला, नीट पीजीला, 200 प्रश्न, 800 मार्क, बरोबरला 4 मिळतात, चुकलं की 1 कट. जनरलला नेहमीचा कटऑफ 50 पर्सेंटाइल, आणि पालक धरून चालतात की 800 पैकी 400 पडले. अहो, पर्सेंटाइलचा मार्कांच्या टक्क्याशी संबंधच नाही, 50 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागं आहेत, बस. परीक्षेला बसतात दोन लाखांच्या वर, म्हणजे ज्याची रँक 90 हजार तोही क्वालिफाय आणि ज्याची 900 तोही क्वालिफाय. पहिल्याला रेडिओलॉजी किंवा मेडिसिन सरकारी कॉलेजात मिळणं अवघडच, दुसरा हवी ती ब्रँच निवडतो, पण कॉलेजच्या आकड्यात दोघं एकसारखेच मोजले जातात. त्यात सीटा रिकाम्या राहिल्या की कटऑफ खाली आणतात. 2023 ला तर सगळ्या कॅटेगरींना शून्य पर्सेंटाइल केलं, म्हणजे परीक्षा दिलेला प्रत्येक जण क्वालिफाय, मायनस मार्कवाला सुद्धा! त्या वर्षी कुठल्याही कॉलेजला शंभर टक्के म्हणता आलं असतं.

सीट कुणाला कुठली लागली यावरनंही फसायला होतं. डीम्डमध्ये भरपूर फी भरून मागच्या रँकला चांगली ब्रँच मिळते, सरकारीत अर्ध्या सीटा ऑल इंडिया आणि अर्ध्या स्टेट कोट्याच्या, त्यामुळं एकाच रँकच्या दोघांचं नशीब वेगळं. म्हणून मी रँकच बघा म्हणतो, आणि तीही पूर्ण बॅचची. दीडशेची बॅच असेल तर त्यातले किती जण परीक्षेला बसले, त्यातले पहिल्या वीस हजारात किती, आणि ते त्याच वर्षी पास झालेले का दोन वर्षं ड्रॉप घेऊन बसलेले, हे तिन्ही आकडे सांगत नसतील तर कॉलेजच्या जाहिरातीच्या बॅनरकडं लक्ष देऊ नका.

आणि ज्या कॉलेजात मुळातच वरच्या रँकची पोरं येतात तिथनं वरच्या रँका निघणारच, त्यात शिकवण्याचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर ऑफिसात न विचारता इंटर्नला गाठा. दिवसभर नुसतं ब्लड काढायला आणि सॅम्पल लॅबला पोचवायला लावतात, की टाके घालायला, डिलिव्हरी करायला मिळतात, आणि रात्री अभ्यासाला वेळ उरतो का, हे तोच सांगेल.