फॅन क्लच: घसरणं हेच ज्याचं काम

पुण्याहून वाईपर्यंत टेंपरेचरचा काटा जागचा हलला नव्हता. मे महिन्यातली दुपार होती, एसी चालू होता, गाडीत पाच माणसं आणि सामान होतं, तरी हायवेवर काही तक्रार नाही. पसरणी घाट लागला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर काटा वर सरकायला लागला. एसीची हवा कोमट झाली. कडेला गाडी घेतली, बोनेट उघडलं. कूलंट पुरेसं होतं, पट्टा शाबूत होता, गळती कुठेच नव्हती. अर्ध्या तासाने, एसी बंद ठेवून आणि भर उन्हाळ्यात केबिनचा हीटर पूर्ण सोडून, आम्ही पाचगणी गाठली. (हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. तो सोडला की इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते, पण इंजिन वाचतं.)

परत आल्यावर मिस्त्रीने पंख्याला हात लावून एक गिरकी दिली. पंखा नुसताच भिरभिरत राहिला. "काका, फॅन क्लच गेलाय. नवीन टाकायचा तर सगळं खोलावं लागेल, आत हात जायला जागा नाही. नाहीतर दोन बोल्ट मारून डायरेक्ट करून देतो, कायमची कटकट मिटेल."

फॅन क्लच म्हणजे इंजिनाच्या पट्ट्याने फिरणाऱ्या शाफ्टला रेडिएटरचा पंखा लागेल तेव्हा जोडणारा आणि एरवी सोडून देणारा भाग. डायरेक्ट करणं म्हणजे हा क्लच जाम करून पंखा शाफ्टला कायमचा जखडणं. ऐकायला सोपं वाटतं आणि पैसेही वाचतात. पण मी नको म्हटलं.

आधी घाटातला हिशेब पाहू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, पाचगणी सुमारे १२९० मीटरवर. माणसं धरून दोन टनांची गाडी एवढी वर न्यायची तर ११० लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. घाट चढायला पंचवीस मिनिटं लागली असं धरलं तर हा साडेसात किलोवॉटचा भार झाला. टायर आणि गिअरमधलं घर्षण मिळवलं की दहा किलोवॉटच्या जवळ जातो. डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला कूलंटमध्ये उतरतो. म्हणजे चढताना कूलंटलाही साधारण दहा किलोवॉट उष्णता वाहून न्यावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे पाच गीझर एकदम लावले तर जेवढी होईल तेवढी!

ही उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते. हायवेवर ताशी ऐंशी किलोमीटरने जाताना हवा आपणहून रेडिएटरमधून घुसते, पंख्याचं काही काम नसतं. घाटात वेग पंचवीस-तीसवर येतो, इंजिन मात्र दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावत असतं. आता हवा ओढायची ती पंख्यानेच. म्हणून हायवेवर गार आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गरम असं दिसलं की संशय आधी पंख्यावर घ्यावा.

मग पंखा कायम जोरात का फिरू द्यायचा नाही? पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट ओढली जाते, पण तो फिरवायला शक्ती आठपट लागते. वेग तिप्पट केला तर सत्तावीसपट. समजा १५०० आरपीएमला पंखा एक किलोवॉट खातो. इंजिन ३००० आरपीएमवर गेलं की तोच जखडलेला पंखा आठ किलोवॉट मागेल. पंचाहत्तर हॉर्सपॉवरच्या, म्हणजे ५६ किलोवॉटच्या इंजिनाचा हा सातवा हिस्सा झाला, आणि तोही नेमका हायवेवर, जिथे पंख्याची गरजच नाही. वर कानठळ्या बसवणारी घरघर, पट्ट्यावर आणि वॉटर बॉडीच्या (म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) बेअरिंगवर ताण आणि थंडीत लवकर न तापणारं इंजिन. म्हणून लागेल तेव्हा पंख्याला धरणारी आणि एरवी सोडून देणारी वस्तू हवी. ती म्हणजे व्हिस्कस फॅन क्लच. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा, इंजिन लांबीला उभं बसवलेल्या कित्येक डिझेल गाड्यांमध्ये आणि ट्रकमध्ये तो सापडतो. बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिन आडवं असतं, पुली रेडिएटरकडे नाही तर चाकाकडे तोंड करून असते, म्हणून तिथे विजेचा पंखा लागतो.

व्हिस्कस क्लचला वायर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. आत आहे काही चमचे सिलिकॉन तेल आणि पुढच्या बाजूला धातूच्या पट्टीची एक गुंडाळी. एवढ्यावर तो हवेचं तापमान ओळखतो आणि पंख्याचा वेग ठरवतो. मला तर ही मोटारीतली सर्वात सुंदर वस्तू वाटते.

दोन स्टीलच्या ताटल्यांमध्ये काकवी भरा आणि खालची ताटली फिरवा. वरची हळूहळू मागोमाग फिरू लागते. दोघी एकमेकींना टेकलेल्या नसतात, मधला दाट द्रव ओढ पोचवतो. या दाटपणाला पुस्तकात श्यानता म्हणतात. क्लचमध्ये वॉटर बॉडीच्या शाफ्टला जोडलेली एक चकती असते, तिच्याभोवती पंख्याची पाती धरणारं घर. चकतीवर आणि घराच्या आतल्या बाजूवर गोल गोल खाचा आणि कडा असतात. एकीच्या कडा दुसरीच्या खाचांत बसतात, पण टेकत नाहीत. मध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढी फट राहते. फट अरुंद आणि समोरासमोर येणारा पृष्ठभाग मोठा, म्हणून एवढ्याशा तेलातून पंखा फिरवण्याइतकी ओढ पोचते.

तेल सिलिकॉनचंच का, याला कारण आहे. साजूक तूप थंडीत थिजतं आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहतं. साधं इंजिन ऑइलही तापलं की बरंच पातळ होतं. सिलिकॉन तेलाची श्यानता तापमानाबरोबर फारच कमी बदलते, म्हणून गरम झालेल्या क्लचमध्येही त्याची पकड टिकते.

या घरातच पुढे तेलाची वेगळी कोठी असते आणि कोठी व चकतीच्या मध्ये एक झडप. झडप उघडी असली की फिरण्यामुळे तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि खाचांत भरतं. तिथे परिघावर एक छोटा अडसर असतो. चकती आणि घर यांच्या वेगात फरक असतो, त्या फरकामुळे हा अडसर तेल खरवडून पुन्हा कोठीत ढकलतो. हे चक्र सतत चालू राहतं. झडप बंद झाली की येणं थांबतं, जाणं चालूच राहतं, खाचा रिकाम्या होतात आणि पंखा सुटतो. पंखा शाफ्टच्या बरोबरीने फिरू लागला असता तर वेगात फरकच उरला नसता, तेल परत गेलं नसतं आणि क्लचला पकड सोडताच आली नसती. म्हणून पूर्ण जोर लावतानाही तो थोडा घसरतोच, आणि घसरतो म्हणूनच सोडू शकतो.

घसरण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. गणित केलं तर उत्तर मजेशीर येतं: पंखा शाफ्टच्या दोन तृतीयांश वेगाने फिरतो तेव्हा क्लच स्वतः सर्वात जास्त तापतो. त्याच्या अंगावर उष्णता हवेत सोडणारे ॲल्युमिनियमचे पंख (फिन) असतात ते यासाठीच.

झडप फिरवते ती पुढची गुंडाळी. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची पट्टी एकमेकींना चिकटवली की तापल्यावर ती वाकते. जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने १७४० साली सुरू केलेल्या आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात पितळ आणि पोलादाची अशी पट्टी वापरली, तापमान बदललं तरी समुद्रावर वेळ चुकू नये म्हणून. तीच युक्ती आज घाटातल्या गाडीच्या पंख्यावर बसली आहे. गुंडाळी रेडिएटरकडे तोंड करून असते आणि रेडिएटरमधून आलेल्या हवेचं तापमान ओळखते, कूलंटचं नाही. म्हणून तिच्यावर चिखल आणि गवत बसलं की क्लच उशिरा जागा होतो. गाडी धुताना तिथे हलक्या हाताने पाणी मारावं.

क्लच मरतो तो बहुतेक वेळा तेल गळून. मधल्या बेअरिंगजवळ किंवा गुंडाळीच्या मुळाशी तेलकट, धूळ चिकटलेला ओला डाग दिसला की समजावं. इंजिन बंद असताना पंखा हाताने फिरवून पाहावा. हाताला हलका, सलग विरोध जाणवला पाहिजे. भिरभिरला तर तेल गेलं, हललाच नाही तर क्लच जाम झाला. पंख्याचं टोक पुढे-मागे डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलं, आणि ते पुढे वॉटर बॉडीलाही घेऊन जाईल. चालू इंजिनात पंख्याजवळ हात, ओढणी, कापड काहीही नेऊ नका. कागदाची गुंडाळी घालून पंखा थांबतो का पाहणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आता बदलण्याचं काम. गुंडाळी आणि रेडिएटरच्या मध्ये जेमतेम दोन-तीन बोटं मावतात. पहिलं काम म्हणजे रेडिएटरच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापून मध्ये सरकवणं. रेडिएटरची पानं इतकी पातळ असतात की निसटलेल्या पान्याचा एक फटका पुरतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर अखंड असेल तर कव्हर काढायला पंखा आड येतो आणि पंखा काढायला कव्हर. कव्हरचे बोल्ट सोडून ते मागे टेकवायचं, क्लच सोडवायचा आणि दोन्ही एकत्र वर उचलायचे.

काही गाड्यांत क्लच चार छोट्या नटांवर बसतो. तिथे पाना फिरवायला जागा नसते. फिक्स पान्याचं तोंड दांड्याच्या रेषेत नसतं, १५ अंशांनी तिरकं असतं, ते अशाच जागेसाठी. सहा कोनी नट दर ६० अंशांनी पान्यात बसतो. पण प्रत्येक वेळी पाना उलटा करून लावला तर ३० अंशांची हालचालही पुरते. आमच्या मिस्त्रीने चारही नट असेच, पाना उलटसुलट करत काढले.

काही गाड्यांत मात्र एकच मोठा नट असतो आणि त्याचे आटे कधी सुलटे, कधी उलटे. हवेच्या विरोधामुळे पंखा नेहमी शाफ्टच्या मागे पडू पाहतो. मागे पडताना नट आवळला जावा असे आटे पाडतात. समोरून पाहताना शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर आटे उलटे हवेत, आणि नट सैल करायला घड्याळाच्या दिशेनेच फिरवावा लागतो. हे न ओळखता जोर लावणारा तो आणखी आवळत बसतो. नट सुटत नसेल तर पान्यावर एक नेमका झटका द्यावा. सावकाश ओढलं तर पट्टा घसरून पुली फिरते. झटका इतका थोडा वेळ टिकतो की जड पुलीला हलायला अवधीच मिळत नाही आणि नट सुटतो.

नवा क्लच फडताळात किंवा बाकावर आडवा टाकू नये, गाडीत बसतो तसा उभा ठेवावा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत. आणि कव्हर परत बसवावंच. "त्याची गरज नाही" म्हणून ते कोपऱ्यात ठेवून देणारे भेटतात. कव्हर नसलं की पात्यांच्या टोकाशी हवा मागून पुढे वळून तीच ती फिरत राहते आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांपर्यंत हवेची ओढ पोचतच नाही. मग नवा क्लच घालूनही गाडी तापते, आणि दोष क्लचला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तेव्हा पंख्याने मोठा घरघराट केला. गेले कित्येक महिने तो आवाज ऐकला नव्हता हे मला तेव्हा लक्षात आलं. रात्रभर उभ्या गाडीत कोठीतलं थोडं तेल खाचांत उतरतं, म्हणून सुरुवातीला पंखा पकडलेला असतो. मी बोनेटशी उभा राहून ऐकत होतो. मिनिटभरात तेल परत कोठीत गेलं आणि आवाज विरत विरत थांबला.